शेवटचं बटण

नमस्कार. रविवारचा मेगाब्लॉक असूनही डोंबिवलीहून, विरारहून तुम्ही दादरला आलात. काही जण मुलांना घेऊन आला आहात. मुलं फिरतील, ओरडतील, मधेच टाळ्या वाजवतील. कृपा करून कुणी त्यांना गप्प करू नका. मी थोडं मोठ्याने बोलेन.

दिव्यांग मुलांना शिकवणारी विशेष शिक्षिका म्हणून पालकांशी बोलताना एक प्रश्न मला नेहमी ऐकू येतो: ‘मॅडम, घरी अजून काय करून घेऊ?’ आठवड्यातून दोन-तीनदा थेरपी असते, प्रत्येक वेळी साधारण पाऊण तास. त्यासाठी आई कल्याणहून सायनला येते, बाहेर बाकावर बसते आणि परत जाते. घरी गेल्यावर फ्रिजवर लावलेला व्यायामाचा तक्ता तिची वाट बघत असतो. मग जेवण भरवतानाही ती रंग विचारते, आंघोळ घालतानाही आकडे म्हणून घेते. मुलगा वैतागतो, तीही थकते. मला या आईच्या कामात भर घालायची नाही. उलट तिच्या हातातलं एखादं काम मुलाच्या हातात जावं, एवढंच मला आज सांगायचं आहे. पण काम खरं हवं. त्याने ते केलं नाही तर घरात कुणाचं तरी अडलं पाहिजे.

आपल्याकडे पुष्कळ घरांत पाणी ठरावीक वेळेलाच येतं. बादली भरली की नळ बंद करणं हे खरं काम आहे. ज्याला बोलता येत नाही, त्यालाही पाणी काठापर्यंत आलेलं दिसतं. मटार सोलायला दोन्ही हात एकत्र चालवावे लागतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी, असलेल्या मुलाचा एक हात मागे राहत असेल, तर त्या हाताने शेंग नुसती धरायची आणि दुसऱ्याने उघडायची. मेथी निवडताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, पेन्सिल धरायलाही तीच लागते. कणीक मळताना जो जोर लागतो, त्यासाठी थेरपीत दाबायला पुट्टीचा वेगळा मऊ गोळा देतात. तुमच्या परातीत कणीक रोज असतेच. पोळ्या वाकड्या होतील, होऊ द्या.

आता शिकवायचं कसं? शर्टाचं उदाहरण घेऊ. आपण बहुतेक वेळा सुरुवातीपासून शिकवतो: हात घाल, दुसरा हात घाल, कॉलर सरळ कर. मूल दुसऱ्या पायरीवर अडकतं, शाळेची बस खाली उभी असते आणि शेवटी आई शर्ट घालून देते. म्हणजे रोज त्याचा अनुभव काय, तर मी सुरू करतो आणि मला जमत नाही. हे उलटं करून बघा. सगळा शर्ट तुम्ही घाला, सगळी बटणं तुम्ही लावा आणि शेवटचं बटण अर्धं काजात सरकवून सोडून द्या. ते त्याने ओढायचं. शर्ट घालून झाला आणि शेवट त्याने केला. ते सहज जमू लागलं की शेवटची दोन, मग तीन, असं मागून पुढे यायचं. दात घासणं, चड्डी वर ओढणं, डबा बंद करणं, सगळं याच पद्धतीने शिकवता येतं. महिने लागतात, पण त्या महिन्यांत मूल रोज काहीतरी पूर्ण करत असतं. हा फरक फार मोठा आहे, आणि मुलाच्या चेहऱ्यावर तो दिसतो.

आणि सांगून झालं की थांबा. ‘बाटली आण’ म्हटल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ऐकलेलं समजून हातापर्यंत पोचायला या मुलांना वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला वाक्य बदलतो, ‘अरे, ती निळी बाटली, टेबलावरची, ऐकू येत नाही का?’ आणि त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. आजी-आजोबांनाही हे सांगा. बोलायला मायेची मराठीच वापरा. मूल उशिरा बोलतंय म्हणून घरात फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला अजूनही मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होत नाही, वाढतही नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, ती काढून घेतली तर घरात बोलणंच कमी होतं.

आवाजाचं मात्र मुंबईत खरंच अवघड आहे. मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारचं ड्रिलिंग आणि भाद्रपदात दहा दिवस ढोल. मूल कान दाबून जमिनीवर पडलं की लोक म्हणतात, ‘हट्टी आहे, एक द्या.’ हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. आवाजाने कोसळलेल्या मुलाला तुम्ही दिसतही नाही, आणि चॉकलेट दिलं तरी ते थांबत नाही. अशा वेळी बोलणं बंद करा, त्याला बाजूला न्या आणि वाट बघा. मार तर कधीच नको. मिक्सर लावण्याआधी सांगा, किंवा बटण त्यालाच दाबू द्या. आपण स्वतः केलेला आवाज कधी येणार हे माहीत असतं, म्हणून तो सहन होतो. घरच्या आरतीत घंटा त्याच्या हातात द्या. दूर्वांच्या एकवीस जुड्या मांडण्याचं काम त्याचंच ठेवा. मंडळाचा गणपती बघायचा असेल तर गर्दी नसताना सकाळी लवकर जा. विसर्जनाची मिरवणूक दाखवायलाच हवी असं नाही.

एक विषय आपण टाळतो. आठ वर्षांच्या मुलाने शेजारच्या काकूंना घट्ट मिठी मारली की सगळे कौतुक करतात. अठराव्या वर्षी तीच मिठी पोलीस चौकीपर्यंत जाऊ शकते, आणि काल चालत होतं ते आज का चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून घराबाहेरच्यांना नमस्कार, हे लहानपणापासूनच. कपडे बदलताना दार लावायचं. खोली एकच असेल तर पडदा ओढायचा, पण रोज ओढायचा. मुलींना पाळी येण्याच्या कितीतरी आधी पॅड लावून बघायची सवय करा, आधी थोडा वेळ, मग जास्त. पहिल्या पाळीच्या दिवशी रक्त, दुखणं आणि पॅडचा अनोळखी स्पर्श एकदम अंगावर आला तर ती बिथरणारच.

कागदांचं थोडक्यात सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडलेल्या विशेष शाळेत. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. ‘प्रमाणपत्र काढलं तर शिक्का बसेल’ या भीतीने पालक वर्षं घालवतात. मुलाला जे हवं आहे ते त्या कागदाशिवाय मिळत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. आणखी एक: मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं, मग आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. कायदेशीर पालकत्व हवं असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. सतराव्या वर्षीच चौकशीला लागा.

आज इथे बाबा लोक बरेच आले आहेत, म्हणून शेवटचं तुमच्यासाठी. फिट्सच्या औषधाचा डोस किती आणि कधी, पाणी हवं असताना तो कोणती खूण करतो, केस कापताना कुठे हात लावलेला चालत नाही, हे तुमच्या घरात आईशिवाय कुणाला माहीत आहे? ती चार दिवस तापाने पडली तर? एक शंभर पानी वही घ्या. या आठवड्यात तिने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, आजीलाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत. पुढच्या रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत मूल तुमच्याकडे आणि वही तुमच्या हातात. तिला त्या दिवशी घराबाहेर पाठवा. कुठे गेली होतीस, हेही विचारू नका. संध्याकाळपर्यंत त्या वहीत कितीतरी गोष्टी राहून गेल्याचं तुमच्या लक्षात येईल. त्या लिहून काढा, आणि पुढच्या महिन्यात ती वही इथे घेऊन या.