केंदाळ कुठं थांबतं?

श्रोतेहो, नमस्कार. ऐन उन्हाळ्यात इचलकरंजीकडून शिरोळकडं निघालात, तर बंधाऱ्यामागं पंचगंगा हिरवीगार दिसते. परगावच्या पाहुण्याला तो मळाच वाटेल! पण ते केंदाळ. पुस्तकातली जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली.

ऊन, ऊब आणि खाद्य मिळालं की केंदाळ साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं. एक गुंठा धरा. सोळा आठवड्यांत 256 गुंठे, म्हणजे सहा एकरांच्या वर. हाच हिशेब वर्षभर चालवला, तर कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग झाकला जाईल. तसं होत नाही, कारण जागा, ऊन आणि खाद्य अपुरं पडायला लागतं. एखादं ठिकाण जास्तीत जास्त जेवढे जीव पोसू शकतं, ती त्याची धारणक्षमता.

बेल्जियमचे गणिती व्हर्हल्स्ट यांनी 1838 मध्ये हे समीकरणात मांडलं. त्यातली एक गोष्ट आपल्या फार कामाची. जीव थोडे असताना भर हळू पडते, मर्यादेजवळ पुन्हा मंदावते, आणि सगळ्यात जास्त भर पडते ती मर्यादेच्या निम्म्यावर. आता बघा, यंत्र लावून निम्मं केंदाळ काढलं आणि काम थांबलं, तर आपण त्याला नेमकं जोमाच्या टप्प्यावर नेऊन सोडतो. वर बिल निघतं ते वेगळंच.

मर्यादा ओलांडली की काय होतं, तेही बघा. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर 1944 मध्ये 29 रेनडियर, म्हणजे थंड मुलखातली हरणं, सोडले होते. 1963 पर्यंत ते सुमारे 6,000 झाले. आपल्या दगडफुलाच्या जातीचं त्यांचं हिवाळी खाद्य खाऊन संपत आलं, त्यात कडक हिवाळा आला, आणि 1966 मध्ये उरले फक्त 42.

केंदाळावर अशी उपासमार येत नाही. त्याचं खाद्य म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि ते सांडपाण्यातून, उसाला टाकलेल्या खतातून रोज नदीत येतंय. त्याची मर्यादा आपणच वाढवून ठेवली आहे. म्हणून माझ्या मते यंत्राच्या आधी नाल्यांवर खर्च व्हायला हवा.

पावसाळ्यात पूर येतो आणि केंदाळ वाहून नेतो. पुराला ते थोडं की फार याच्याशी देणंघेणं नसतं. पण बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, आणि पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पुन्हा बसतात.