घटस्फोट, व्हिसा आणि चॅटजीपीटी

नमस्कार मंडळी! लेक अमेरिकेत, जावयाशी पटत नाही आणि तिथल्या वकिलाची फी डॉलरमध्ये. बडोद्यात दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरातली गोष्ट असू शकते. मग लेक चॅटजीपीटीलाच विचारते, 'मला इथे घटस्फोट मिळेल का?'

उत्तर येतं, 'मिळेल.' चूक नाही. पण ती एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर असेल, तर तिचा तिथला मुक्काम नवऱ्याच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर टांगलेला. घटस्फोट झाला की ते स्टेटस संपलं. चांगला वकील आधी व्हिसाच विचारतो. यंत्र तेवढंच सांगतं, जेवढं तुम्ही विचारता.

बरं, तो घटस्फोट बडोद्यात चालेल? सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली नरसिंह राव खटल्यात म्हटलंय की ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्यातलंच कारण हवं. 'आता जुळणार नाही' एवढं अमेरिकेत पुरतं, हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही. जोडीदाराची संमती असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तिकडे घटस्फोटित, इकडे विवाहित! (आपल्या बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 सालीच केला होता. देशभराचा आला 1955मध्ये.)

आता कॅनडाचा किस्सा. बाप चीनमध्ये, मुलं आईजवळ व्हँकुव्हरकडे. मुलांना चीनला भेटीला आणायची परवानगी बापाला हवी होती. त्याच्या वकीलबाईंनी अर्जात दोन निवाडे दिले. समोरच्या वकिलांनी शोधले, सापडेनात. सापडणार कसे? ते चॅटजीपीटीने रचलेले! 2024मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयाने त्यावरून झालेला खर्च वकीलबाईंच्याच माथी मारला. त्यांचा हेतू फसवण्याचा नव्हता, हेही न्यायाधीशांनी नोंदवलं. मला वाटतं, धोका इथेच आहे. खोटा निवाडा दिसायला खऱ्यासारखाच असतो.

सरकारंही यंत्र वापरतात. भारतातून आलेले व्हिजिटर व्हिसाचे अर्ज चाळायला कॅनडाने 2018पासून ते लावलंय, पण नकार अधिकारीच देतो.

एआय वापरूच नका, असं मी म्हणत नाही. तारखा लावायला, कागदांची यादी करायला, इंग्रजी पत्र समजून घ्यायला झकास आहे. पण सासरची भांडणं, पगार, पासपोर्ट नंबर त्यात ओतू नका. वकिलाशी बोललेलं गोपनीय ठेवायला कायद्याचं संरक्षण आहे, चॅटला ते नाही.

आणि चॅटजीपीटीने निवाड्याचं नाव दिलं, तर भारतातला इंडियन कानून या वेबसाइटवर, कॅनडातला कॅनएलआयआय या वेबसाइटवर शोधा. दोन्ही फुकट आहेत. मूळ मजकूर सापडला, तरच तो वकिलाला पाठवा.