एलीयाला देवाने आधी झोपू दिलं

मागे आवाज येतोय ना? ओके. तर मला विषय दिलाय 'संकटात वचनांमधून मिळणारं सांत्वन', आणि खरं सांगू का, विषय बघून मला टेन्शनच आलं, कारण बायबलमधल्या याच वचनांनी मी एकदा जाम वैतागलो होतो. वडील आयसीयूत, मी बाहेर बाकड्यावर, आणि फोनवर धडाधड मेसेज, यिर्मया 29:11 (म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29 व्या अध्यायाचं 11 वं वचन), परत यिर्मया 29:11, मागे उगवता सूर्य. देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत वगैरे. सहाव्या मेसेजला मी फोन उलटा करून ठेवला.

पुढे कधीतरी तो अख्खा अध्याय वाचला. ते पत्र आहे हो, यरुशलेमेतून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं. आणि 11 च्या आधीचं 10 वं वचन कोणी फॉरवर्ड करत नाही, त्यात लिहिलंय 70 वर्षं! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेचसे तिथेच मरणार. त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा. एवढं वाचलं तेव्हा कुठे ते 11 वं वचन मला पटलं, कारण उद्या सगळं ठीक होईल असली थाप ते मारतच नाहीये.

आता एलीया संदेष्टा घ्या. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय, आणि ईजबेल राणीची धमकी आली तसा गडी पळाला. नोकराला बैरशेबात सोडलं, एकटाच दिवसभर रानात चालला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, बस झालं परमेश्वरा, घे माझा जीव. आणि झोपला. मग देवदूत येतो. आपल्याला वाटतं आता याची खरडपट्टी निघणार, विश्वास कुठे गेला तुझा म्हणून. छे! हात लावून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. बघतो तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. हा खातो, पितो आणि परत आडवा होतो, आणि देवदूत होऊ देतो! दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच, एवढंच म्हणतो की पुढची वाट तुला झेपायची नाही. बोलणं नंतर, 40 दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. खचलेल्या माणसाला प्रवचन द्यायची आपल्याला जी घाई असते ना (मला तर फारच), ती तिथे दिसत नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र पण 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोंड उघडलं आणि सगळा घोळ झाला.

वडील वॉर्डात आले तेव्हा मी त्यांना स्तोत्र 23, ते 'परमेश्वर माझा मेंढपाळ' वालं, वाचून दाखवणार होतो. म्हणाले, नको, 88 वाच. मी जरा कचरलो, कारण त्या स्तोत्राचा शेवट गोड नाहीये, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार असा आहे. तरी कोणी ते 150 स्तोत्रांमधून काढून टाकलं नाही बघा. वाचून संपलं तर म्हणाले, हां, हे माझं आहे. आणि कूस बदलून झोपले.

असो. स्तोत्र 13 काढा, सहाच वचनं आहेत, एकत्र वाचू. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कुठवर' असं विचारलंय देवाला, ते प्लीज प्रार्थनेच्या सुरात वाचू नका, भांडल्यासारखं वाचा.