डेकला रंग पाजायचा असतो

मंडळी, न्यू जर्सीत घर घेतलं की डेक, म्हणजे घराला लागून असलेला उघडा लाकडी ओटा, गळ्यात पडतोच. पहिल्या उन्हाळ्यात आपण त्यावर कणसं भाजतो. चार-पाच वर्षांनी पोपडे निघाले की दुकानातून सगळ्यात जाड रंगाचा डबा आणतो. तिथेच फसतो.

डेक म्हणजे उन्हापावसात पडलेली जमीन. पाणी आणि बर्फ त्यावर साचतं, फटींतून, खिळ्यांच्या भोकांतून आत शिरतं. ऊन पडलं की ते बाहेर यायला बघतं आणि वरचा थर उचलून टाकतं. म्हणून डेकला रंग फासायचा नाही, पाजायचा. कोकणात आमच्या घरी सागवानी दाराला जवसाचं तेल चिंधीने चोळत, तसाच.

आणि लाकूड करडं पडलं म्हणजे कुजलं असं नाही हं. उन्हाने वरचे तंतू मरतात, एवढंच. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. भसकन आत गेला तर फळी बदला.

आता आधीचं पांघरूण काढायचं. खरं काम हेच, पण त्याआधी डेक कधीचा आहे ते शोधा. २००३च्या अखेरपर्यंत घरांसाठी जे ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं, लाकूड विकलं जाई, त्यात बहुतेक वेळा आर्सेनिक असे. तसा डेक असेल तर सँडिंग (पॉलिशपेपरने घासणं) नको, पाण्याचा जोरदार फवारा मारणारा प्रेशर वॉशर नको, तीव्र रसायनं नकोत, आणि त्या फळ्या शेकोटीत तर मुळीच नकोत. साबणाच्या पाण्याने हलकेच धुवा आणि तेलाचा हात द्या, बस्स.

त्यानंतरचा असेल तर स्ट्रिपर, म्हणजे जुना रंग सोडवणारं रसायन. यात सहसा कॉस्टिक सोडा असतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. सकाळी किंवा ढगाळ दिवशी लावा, कारण तो फळीवर वाळता कामा नये. डब्यावर लिहिलेला वेळ झाला की कडक ब्रशने घासायचं. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे लाकडात अडकतात आणि गंजून काळे डाग पडतात. घासताना चॉकलेटी चिखल निघतो, आणि धुतल्यावर लाकूड आधीपेक्षा काळं दिसतं. इथे घाबरू नका. नीट धुऊन मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा ब्राइटनर, म्हणजे लाकूड उजळवणारं द्रावण, मारा. बघता बघता फळी मधाच्या रंगावर येते. अख्ख्या कामात मला हीच पाच मिनिटं आवडतात. दोन्ही रसायनं एकत्र मात्र कधी करायची नाहीत.

मी पहिल्या खेपेला प्रेशर वॉशरचं नोझल फळीला अगदी चिकटवून धरलं. काम झटपट झालं खरं, पण लाकूड पिंजलेल्या कापसासारखं उभं राहिलं, आणि दोन शनिवार सँडिंगमध्ये गेले. शिवाय खाली कठड्याशी बायकोचा कढीपत्ता होता. आधी झाडांवर भरपूर पाणी मारून ती झाकायची असतात, हे मला आठवड्याभराने, पानं गळल्यावर कळलं.

दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. मग फळीवर पाण्याचे थेंब टाका. प्यायली तर ती रंगही पिईल. तेलाचा, अर्धपारदर्शक स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, घ्या. दोन-तीन फळ्या धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, मध्ये चहाला उठलात तर जोडाचा पट्टा कायमचा दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी जे वर उरलं असेल ते पुसून घ्या. चिकट, चकचकीत डेक म्हणजे जास्त पाजलेला डेक.

त्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून गराजमध्ये टाकू नका. तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात ठेवा.

मागून काका विचारताहेत, टिकतो किती? दोन-तीन वर्षं. पण हा पोपडे न काढता फिका होत जातो, म्हणून पुढच्या वेळी खरवडणं नाही. धुवायचं आणि पुन्हा पाजायचं. कढीपत्ता तेवढा आधी आत न्या.