कूलरच्या गवताचं घरटं

नमस्कार श्रोतेहो. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा! कूलर लागले, शाळा सुटल्या, पोरं दिवसभर घरात. म्हणून आज अंगणातल्या पाखरांविषयी बोलते. पाखरं बघायला अंबाझरी तलाव, गोरेवाड्याचं जंगल छानच. पण लहान मुलांची सुरुवात घराच्या पायरीवरूनच व्हावी. पायरीवर बसायचं, गप्प बसायचं आणि एकच पाखरू बघायचं. एकच.

मागच्या वर्षी एप्रिल सरता सरता दुसरीतली माझी नात धावत आली. "आजी, आपल्या कूलरचं गवत कोणीतरी चोरून राहिलं!"

खिडकीआडून पाहिलं, तर शिंजिराची, म्हणजे सनबर्डची, मादी. अंगठ्याएवढी. पाठ मातकट, पोट फिकट पिवळं, चोच बाकदार. ताटीला पाय रोवून, मान मागे टाकून एक-एक तंतू ओढत होती. तुटला की थेट कपड्यांच्या तारेवर. तिथे कोळ्याच्या जाळ्याने ती तो तंतू बांधायची. हळूहळू तारेला लांबट पिशवी लोंबायला लागली. बाजूला दार, दारावर इवलासा छज्जा! बाहेरून सालीचे तुकडे, वाळकी पानं.

"एवढं छान घर, अन् वरून कचरा कायले लावते?" नातीने विचारलं. मी तिला फाटकापाशी नेलं. "आता बघ." तिथून घरटं दिसेचना, जाळ्यात अडकलेला पाचोळाच वाटला. ती कितीतरी वेळ तिथेच उभी.

आम्ही कपडे गच्चीवर वाळत घालू लागलो. नर मात्र शेजारच्या तारेवर बसून गायचा. काळाभोर, उन्हात जांभळा-निळा चमकणारा. घरटं बांधायला तो नाही, अंडी उबवायला तो नाही. नातीला त्याचा भारी राग. "हा नुसता गाणेच म्हणते!" पुढे पिल्लं निघाली आणि एका सकाळी अंगणातून हाक आली, "आजी, बाबा पण आला! तोंडात कोळी आहे त्याच्या!" तो दिवस मी विसरणार नाही.

घरट्याशी मोबाइल नेऊन फोटो काढू नका बरं. लांबूनच बघा. आणि एक सांगते, अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी घालायची ही जी पद्धत आलीय ना, ती मला मुळीच पटत नाही. सातभाई पाखरं पालापाचोळा उलथून किडे टिपतात. फरशीवर त्यांनी काय उलथायचं? एक कोपरा तरी मातीचा ठेवा.

पाण्याचं तुम्ही जाणताच. भांडं मातीचं, उथळ, सावलीत. उथळ म्हणजे उथळच; मध्ये एक दगड, चिमणीला टेकायला. पाणी रोज बदलायचं, आणि ते काम मुलांकडे द्यायचं.

५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, रानावनाचे लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तो साजरा कराच. पण शिंजिराचं घरटं बघायचे दिवस हेच आहेत.

परवा आमच्या कूलरची ताटी बदलली. जुनं गवत नातीने फेकू दिलं नाही. मोगऱ्याच्या कुंडीत खोचून ठेवलंय, तारेच्या अगदी जवळ.

नमस्कार.