ताटाचा घोडा, स्टुडिओतला घोडा

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात, आमच्या शहापूरच्या घरी, आजोबांच्या लहानपणीचा एक फोटो आहे. डोक्यावर जरीची टोपी, डोळ्यांत काजळ, आणि स्वारी लाकडी घोड्यावर. घोडा स्टुडिओवाल्याचा. त्या काळी कॅमेऱ्यापुढं काही क्षण अजिबात हलायचं नसे. चार वर्षांचं पोर गप्प कसं राहणार? मग त्याला घोड्यावर बसवायचं आणि हाती लगाम द्यायचा. सावकाराचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा त्याच एका घोड्यावर बसून जात.

आजोबा म्हणायचे, "तो घोडा माझा न्हवं. माझा घोडा ताटाचा."

अथणीकडं त्यांचं आजोळ. सुगीत ज्वारीचं लांब ताट निवडायचं, दोन पायांत धरायचं, शेंड्याला सुतळी बांधायची, की निघाली स्वारी. संध्याकाळी तो घोडा म्हशीपुढं पडायचा. सकाळी नवा! म्हणून असले घोडे कुठल्या कपाटात सापडत नाहीत.

पण त्यांची कूळकथा फार जुनी. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचा राजा एजेसिलॉस पोरांबरोबर काठीचा घोडा करून घरात दौडत होता, तेवढ्यात एक मित्र आत आला. राजा म्हणाला, तू स्वतः बाप होईपर्यंत हे कुणाला सांगू नकोस. प्लुटार्क या जुन्या चरित्रकारानं हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. मला हा राजा फार आवडतो. ब्रॉयगेल या चित्रकारानं १५६० साली मुलांच्या खेळांचं एक भलंमोठं चित्र रंगवलं. ते व्हिएन्नाला आहे. त्यातही काठीच्या घोड्यावर बसलेलं पोर आहे, अगदी आपल्या गल्लीतलं वाटावं असं.

आपल्याकडं रंगीत लाकडी खेळण्यांसाठी गोकाक प्रसिद्ध. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, तिथली पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी. आणि दिवाळीत आपल्या गल्ल्यांतून किल्ले उभे राहतात, तेव्हा मातीचे घोडेस्वार हवेतच.

परवा तो फोटो भिंतीवरून उतरवून पुसला. आजोबांचा चेहरा, टोपी, घोड्याची आयाळ, सगळं स्वच्छ आलंय. उजवा पाय तेवढा पुसट आहे.

फोटो निघता निघता आजोबांनी घोड्याला टाच मारली होती.