दोन कामांच्या मधली जागा

(चाचणी-मैदान. पूर्ण आकाराची भिंत, तिच्यासमोर विमानाचे इंजिन.)

पडद्यावर दिसणारी ही भिंत कोणत्याही इमारतीची नाही. ब्रिटनमध्ये उंच इमारतीवर बाहेरचे आवरण, म्हणजे क्लॅडिंग, चढवण्याआधी त्याचा पूर्ण आकाराचा नमुना अशा मैदानावर उभारण्याची आणि त्याची कसून परीक्षा घेण्याची पद्धत आहे. समोरचा पंखा विमानाच्या जुन्या इंजिनाचा आहे. तो फिरू लागतो, नळ्यांतून पाण्याचा फवारा सुटतो आणि वादळी पाऊस आदळावा तसे पाणी भिंतीवर आदळत राहते. भिंतीच्या मागे, कोरड्या बाजूला, एक तंत्रज्ञ हातात विजेरी घेऊन उभा आहे. काचेच्या मध्यभागी तो प्रकाश टाकत नाही, कारण तिथून पाणी येणार नाही हे त्याला ठाऊक असते. त्याची नजर खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर असते, जिथे खिडकी बसवणाऱ्याचे काम संपते आणि क्लॅडिंग बसवणाऱ्याचे सुरू होते. पहिला थेंब दिसलाच, तर तो बहुधा तिथेच दिसतो.

एक निवासी इमारत उभी राहते तेव्हा वास्तुविशारद, संरचना अभियंता, अग्निसुरक्षा सल्लागार, मुख्य कंत्राटदार, त्याचे अनेक उपकंत्राटदार, साहित्य बनवणारे कारखाने, कर्ज देणाऱ्या संस्था आणि विमा कंपन्या असे सगळे तिच्यात आपापला वाटा टाकतात. प्रत्येकाचा करार त्याच्या वाट्यापुरता असतो. दोन वाट्यांच्या मधली जागा कोणाच्या करारात आहे, हा प्रश्न मात्र कागदावर फार क्वचित विचारला जातो. घरबांधणी उद्योगाने एकत्र यावे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके कशासाठी एकत्र यावे, याचे उत्तर आम्हाला या जागेत सापडते. ब्रिटनने त्यासाठी पन्नासहून अधिक वर्षे किंमत मोजली आहे.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रे. एक कोपरा नसलेली इमारत.)

१६ मे १९६८. पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागातील रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत तेव्हा लोकांसाठी खुली होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरच्या एका घरात शेगडीसाठी काडी ओढली गेली आणि गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता. ज्यांनी काडी ओढली त्या बाई स्वतः त्यातून वाचल्या. पण त्या दणक्याने भार पेलणारी बाहेरची भिंत निसटली, तिच्या आधाराने उभे असलेले वरचे मजले खाली आले, त्यांच्या वजनाने खालचे मजले गेले आणि वरपासून खालपर्यंत इमारतीचा एक अख्खा कोपरा कोसळला. त्यात चार जणांचा मृत्यू झाला.

ही इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या मोठ्या पट्ट्या, म्हणजे भिंती आणि मजल्यांचे तयार भाग, जोडून उभारलेली होती. ही पद्धत मूळची डेन्मार्कची, लार्सन-नील्सन या नावाने ओळखली जाणारी, आणि ती सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींसाठी तयार झाली होती. लंडनमध्ये तिच्यावर २२ मजले चढवले गेले. असे का झाले, हे समजण्यासाठी त्या काळचा सरकारी हिशेब पाहावा लागतो. १९५६ च्या गृहनिर्माण अनुदान कायद्याने इमारत जितकी उंच तितके स्थानिक संस्थेला प्रत्येक घरामागे अधिक अनुदान मिळण्याची सोय केली होती. घरांची टंचाई तीव्र होती, कुशल गवंडी कमी होते आणि कारखान्यात बनणारे घर हे त्यावरचे झटपट उत्तर वाटत होते. संस्थेला घरे हवी होती, कंत्राटदाराला पद्धत वापरायची होती, गॅसची जोडणी तिसऱ्याच्या हातात होती, आणि एक भिंत गेली तर वरच्या मजल्यांचे काय होईल हा प्रश्न यांपैकी कोणाच्याही टेबलावर आला नाही. चौकशीत गॅसच्या जोडणीतील पितळी नट सदोष असल्याचे निष्पन्न झाले. इतक्या उंच इमारतीचा एक कोपरा कोसळण्याची सुरुवात एका नटापासून झाली होती.

त्यानंतर सांधे मजबूत करून इमारत पुन्हा वापरात आणली गेली आणि लोक तिथे राहू लागले. वास्तुविशारद सॅम वेब मात्र वर्षानुवर्षे सांगत राहिले की सांध्यांवर विश्वास ठेवता येणार नाही. १९८६ मध्ये ती इमारत पाडताना एकदम जमीनदोस्त केली गेली नाही, तर एकेक मजला उतरवत सुटी केली गेली, आणि म्हणूनच आतले उघड्यावर दिसू शकले. ज्या सांध्यांत मसाला ठासून भरलेला असायला हवा होता, तिथे काही ठिकाणी पोकळी होती आणि काही ठिकाणी वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले होते. कारखान्यातून आलेली पट्टी मोजमापात बसणारी होती. ती दुसऱ्या पट्टीला जिथे भिडत होती ते काम जागेवर, हाताने, उंचावर उभे राहून करायचे होते आणि त्याची तपासणी पुरेशी झाली नव्हती. १९७० मध्ये नियम बदलले आणि पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतीत एका ठिकाणच्या अपघाताने प्रमाणाबाहेर पडझड होऊ नये अशी अट आली. ती अट आजही बांधकाम अभियंत्यांच्या रोजच्या गणितात आहे.

(बैठकीची खोली. भिंतीवरच्या पडद्यावर इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती.)

या खोलीत जे चालले आहे, त्याची मागणी तीस वर्षांपूर्वीच झाली होती. १९९४ मध्ये माजी खासदार सर मायकेल लॅथम यांनी सरकार आणि बांधकाम उद्योग या दोघांच्या संयुक्त पुढाकाराने अहवाल लिहिला. त्यात त्यांनी सांगितले की सगळ्यांत स्वस्त निविदा स्वीकारायची, मग सगळ्यांनी एकमेकांवर दावे लावायचे, ही रीत सोडून एकाच चमूसारखे काम करणारे करार केले पाहिजेत. १९९६ च्या कायद्याने बांधकामातील वाद सामान्यतः २८ दिवसांत निकाली काढण्याची सोय झाली. तो मोठाच बदल होता. आमच्या मते मात्र त्यामुळे भांडण लवकर मिटू लागले. भांडणाचे मूळ, म्हणजे कमीत कमी किमतीला काम मिळवून मग जमेल तिथे खर्च कापण्याची सवय, जागच्या जागी राहिली.

पडद्यावरच्या प्रतिकृतीत लाल ठिपके उमटताना दिसत आहेत. तुळईमधून नळ जात असेल, किंवा हवेच्या नळकांड्यासाठी ठेवलेल्या जागेतून विजेच्या तारांची पट्टी जात असेल, तर संगणक तिथे ठिपका दाखवतो. संरचना अभियंता, नळकाम पाहणारा आणि विद्युतकाम पाहणारा एकाच टेबलाभोवती बसून हे ठिपके एकेक करून मिटवत जातात. इथे माउसच्या एका हालचालीने मिटणारा प्रश्न बांधकामाच्या जागी गेल्यावर भिंत फोडून मिटवावा लागतो, आणि भिंत फोडताना तिच्यातली आगरोधक व्यवस्थाही फुटते, ही गोष्ट या तिघांनाही माहीत आहे. तरीही अशी बैठक काम सुरू होण्याआधी व्हावी यासाठी ग्राहकाने या माणसांना आधी नेमावे लागते आणि आधी पैसे द्यावे लागतात. खरा अडसर तिथेच आहे, संगणकात नाही.

(भिंतीचा छेद. पोकळीत बसवलेली आगरोधक पट्टी.)

आता कॅमेरा जवळ आला आहे, तो एका पट्टीजवळ. इमारतीची मूळ भिंत आणि बाहेरचे क्लॅडिंग यांच्यात हवा खेळण्यासाठी पोकळी ठेवलेली असते. आग लागली तर हीच पोकळी धुराड्यासारखी काम करते, म्हणून ठरावीक अंतरावर आणि प्रत्येक खिडकीभोवती तिच्यात अडथळा बसवावा लागतो. या पट्टीच्या काठावरचा काळपट थर उष्णता लागताच फुगतो आणि उरलेली फट बंद करतो. पट्टी कुठे हवी हे अग्निसुरक्षा सल्लागार सांगतो, नकाशावर ती वास्तुविशारद काढतो, कारखाना बनवतो आणि क्लॅडिंगचा उपकंत्राटदार बसवतो. खिडकी बसवणारा वेगळाच असतो. एकाने चौकट काही सेंटिमीटर पुढे सरकवली, तर पट्टी जागच्या जागी राहते आणि फट दुसरीकडे निघते. पुढच्याच आठवड्यात यावर पत्रे चढतात आणि मग ती पट्टी आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही.

१४ जून २०१७ रोजी पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली आणि ७२ जणांचा मृत्यू झाला. चौथ्या मजल्यावरील स्वयंपाकघरातल्या एका फ्रिजपासून ती सुरू झाली होती. वर्षभरापूर्वी पूर्ण झालेल्या नूतनीकरणात खिडक्या पूर्वीच्या जागेवरून बाहेर सरकवल्या होत्या, त्यांच्याभोवतीच्या फटी ज्वलनशील साहित्याने झाकल्या होत्या आणि तिथे आगरोधक अडथळे नव्हते. क्लॅडिंगसाठी आधी जस्ताचे पत्रे सुचवले गेले होते. त्यांऐवजी अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन या सहज पेट घेणाऱ्या प्लास्टिकचा थर असलेले पत्रे आले, आणि त्यातून सुमारे तीन लाख पौंड वाचले. चौकशी आयोगाच्या वकिलांनी २०२० मध्ये आयोगासमोर सांगितले की जवळजवळ प्रत्येक कंपनी दुसऱ्याकडे बोट दाखवत आहे. सर मार्टिन मूर-बिक यांच्या आयोगाचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्यात साहित्य बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर आणि सरकारच्या अनेक दशकांच्या दुर्लक्षावर स्पष्ट बोट ठेवले गेले. इथे एक गोष्ट आम्हाला ठामपणे सांगायची आहे: अप्रामाणिकपणा हा सहकार्याच्या अभावाचा प्रकार नव्हे, आणि एकत्र येण्याच्या भाषेखाली तो झाकला जाऊ नये.

मधल्या काळात, मे २०१८ मध्ये, अभियंता डेम जुडिथ हॅकिट यांचा अहवाल आला. इमारतीची कल्पना कागदावर उतरल्यापासून तिच्यात लोक राहत असेपर्यंत, तिच्याबद्दलची सगळी माहिती एका अखंड धाग्यात राहिली पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने ती इंग्लंडमध्ये बंधनकारक केली. आता किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजल्यांची निवासी इमारत तीन टप्प्यांवर थांबते: नियोजन परवानगीच्या वेळी, बांधकाम सुरू होण्याआधी आणि लोक राहायला येण्याआधी. दुसरा टप्पा इमारत सुरक्षा नियामकाने १२ आठवड्यांत पार करून द्यायचा असतो, पण प्रत्यक्षात अनेक अर्जांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला, आणि घरबांधणी अडली म्हणून उद्योगात मोठी नाराजी आहे. नियामकाकडे माणसे कमी होती हे खरे. अनेक अर्जांत पुरेसा तपशील नव्हता हेही तितकेच खरे. जो तपशील पूर्वी जागेवर बघून घेऊ म्हणून सोडला जात असे, तोच आता आधी मागितला जातो, आणि तो देण्यासाठी सगळ्यांना आधी एकत्र बसावे लागते. आम्हाला ही सक्ती योग्य वाटते.

(निवासी इमारतींची रांग. एका फ्लॅटच्या दारावर विक्रीची पाटी.)

धोका केवळ बांधकामाच्या जागेपुरता राहिला नाही. ग्रेनफेलनंतर बाहेरच्या भिंतीत काय आहे हे कोणालाच खात्रीने सांगता येईना, तेव्हा बँकांनी अनेक फ्लॅटांवर कर्ज द्यायचे थांबवले. कर्ज नाही म्हणून विक्री थांबली आणि विक्री थांबली म्हणून माणसे अडकली. डिसेंबर २०१९ मध्ये मूल्यांकनकर्त्यांची संस्था, बँकांची संघटना आणि बिल्डिंग सोसायट्यांची, म्हणजे ब्रिटनमधील घरकर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थांची, संघटना यांनी मिळून ईडब्ल्यूएस-१ नावाचा एकच नमुना-अर्ज तयार केला, जेणेकरून एका इमारतीची एकदा तपासणी झाली की ती सगळ्या कर्जदात्यांना चालावी. कल्पना चांगली होती. पण सही करू शकणारे आणि त्या सहीसाठी व्यावसायिक विमा मिळू शकणारे तज्ज्ञ मोजकेच होते, त्यामुळे त्या अर्जासाठीही रांग लागली. विमा कंपन्या या चर्चेत पहिल्यापासून बरोबरीने असत्या, तर ही रांग लहान राहिली असती असे आमचे मत आहे.

एकत्र येण्यालाही मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने आठ मोठ्या घरबांधणी कंपन्यांची चौकशी सुरू केली. विक्रीच्या किमती आणि ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या सवलतींसारखी माहिती त्यांनी आपसांत दिली-घेतली का, हा तिचा विषय होता. सांध्याची चाचणी कशी केली, ती कुठे फसली, कोणते साहित्य आगीत कसे वागले, ही माहिती सर्वांना खुली व्हायला हवी. घर कितीला विकायचे, ही नाही.

(परांचीवर काम. जुने पत्रे उतरवले जात आहेत.)

एप्रिल २०२२ मध्ये ३५ हून अधिक मोठ्या विकासकांनी, गेल्या तीस वर्षांत आपण उभारलेल्या ११ मीटरपेक्षा उंच इमारतींतील जीविताला धोका असलेले अग्निसुरक्षा दोष दुरुस्त करण्याचे वचन दिले, आणि पुढच्या वर्षी सरकारने त्याचे बंधनकारक करारात रूपांतर केले. डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडसाठी मुदत जाहीर झाली: सरकारी निधीच्या योजनेतील १८ मीटरवरील असुरक्षित क्लॅडिंगच्या इमारती २०२९ अखेर दुरुस्त झालेल्या असाव्यात. पडद्यावर जे पत्रे उतरताना दिसत आहेत, त्यांच्या मागे काय निघेल हे जुन्या नकाशांवरून नेहमी कळत नाही. म्हणून आधी पत्रे उघडून पाहणी करायची आणि मगच दुरुस्तीची किंमत ठरवायची, असे दोन टप्प्यांचे करार इथे उपयोगी पडतात. अशा करारात वास्तुविशारद, अग्निसुरक्षा सल्लागार आणि कंत्राटदार पहिल्या टप्प्यातच एकत्र परांचीवर चढतात, आणि प्रत्येक खिडकीभोवतीची पट्टी कोणी बसवायची, कोणी तपासायची आणि झाकण्याआधी तिचे छायाचित्र कोणी नोंदवायचे, हे त्या कागदावर नावानिशी लिहिलेले असते.